आर्मी एव्हिएशन: भारतीय लष्कराच्या हवाई शाखेची रचना आणि हेलिकॉप्टरे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोड, उपनगर आणि गांधीनगर परिसरात राहणाऱ्यांच्या डोक्यावरून रोज सकाळी हेलिकॉप्टरे जातात आणि ती हवाई दलाची असावीत, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती लष्कराची असतात. या शाखेबद्दल शाळकरी मुले, एनडीएची तयारी करणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि जिज्ञासू वाचक सातत्याने जे प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर्मी एव्हिएशन म्हणजे काय? तो हवाई दलाचा भाग आहे का?

नाही. आर्मी एव्हिएशन कोअर ही भारतीय लष्कराची, म्हणजे भूदलाची स्वतःची शाखा आहे. पायदळ, तोफखाना, चिलखती दल, सिग्नल्स या जशा लष्कराच्या शाखा आहेत, तशीच ही एक. तिचे वैमानिक लष्कराचे अधिकारी असतात, त्यामुळे त्यांचे हुद्दे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे असतात. फ्लाइंग ऑफिसर किंवा स्क्वाड्रन लीडर हे हुद्दे हवाई दलाचे. स्वतंत्र कोअर म्हणून तिची स्थापना १ नोव्हेंबर १९८६ रोजी झाली आणि दरवर्षी हाच दिवस आर्मी एव्हिएशन दिन म्हणून साजरा होतो. ‘सुवेग व सुदृढ’ हे तिचे ब्रीदवाक्य आहे.

२. देशाकडे सक्षम हवाई दल असताना लष्कराला स्वतःची हेलिकॉप्टरे कशासाठी हवीत?

या प्रश्नाच्या उत्तरातच संपूर्ण शाखेचे मर्म आहे. हवाई दलाला साऱ्या देशाच्या आकाशाचा विचार करावा लागतो: शत्रूची विमाने रोखणे, दूरवरचे हल्ले, अवजड मालाची वाहतूक. आघाडीवरच्या ब्रिगेडच्या किंवा डिव्हिजनच्या (अनेक ब्रिगेड मिळून झालेल्या फौजेच्या) कमांडरची गरज मात्र अगदी जवळची आणि तातडीची असते. पुढच्या डोंगराआड काय चालले आहे ते आत्ता पाहायचे असते, जखमी जवानाला पुढच्या अर्ध्या तासात खाली आणायचे असते, संपर्क तुटलेल्या चौकीवर रॉकेल पोहोचवायचे असते. अशा वेळी दुसऱ्या दलाकडे मागणी पाठवून वाट पाहण्यापेक्षा हेलिकॉप्टर आणि वैमानिक त्याच कमांडरच्या हाताशी असणे केव्हाही बरे. वैमानिक स्वतः सैनिक असल्याने जमिनीवरची लढाई त्याला ओळखीची असते, हा आणखी मोठा फायदा. आर्मी एव्हिएशनला छोटे हवाई दल समजणे म्हणूनच चुकीचे आहे. तिची रचना, तिची हेलिकॉप्टरे आणि तिचे प्रशिक्षण यांचा उगम जमिनीवर लढणाऱ्या सैनिकाच्या गरजेत आहे.

३. या शाखेची सुरुवात कशी झाली?

सुरुवात तोफखान्यातून झाली. तोफ डागणाऱ्याला लक्ष्य बहुतेक वेळा दिसत नाही. ते टेकडीपलीकडे, कित्येक किलोमीटरवर असते. गोळा कुठे पडला हे पाहून सुधारणा सांगणारा निरीक्षक लागतो आणि तो जितका उंचावर, तितके त्याला अधिक दिसते. यातून ‘एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट’, म्हणजेच एअर ओपी, ही पद्धत आली. तोफखान्याचाच अधिकारी लहानशा विमानातून आपल्या बाजूच्या हद्दीत घिरट्या घालत रेडिओवरून तोफांना सूचना देई.

हे काम कसे चालते ते थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. पहिला गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला, तर निरीक्षक पल्ला वाढवायला सांगतो, समजा ४०० मीटरने. दुसरा गोळा पलीकडे पडला, की लक्ष्य या दोन गोळ्यांच्या मध्ये आहे हे नक्की होते. मग तो अंतर निम्म्याने कमी करत आणतो: २०० मागे, १०० पुढे. गोळा लक्ष्याजवळ पडू लागला, की सगळ्या तोफांना एकदम मारा करण्याची सूचना जाते. हे सर्व करत असताना विमान चालवायचे, नकाशा वाचायचा आणि शत्रूच्या माऱ्यापासून स्वतःला सांभाळायचे, ही तिन्ही कामे त्याच अधिकाऱ्याकडे असत.

पहिली भारतीय एअर ओपी फ्लाइट ऑगस्ट १९४७ मध्ये उभी राहिली आणि लगेचच जम्मू-काश्मीरच्या लढाईत तिचा वापर झाला. त्या काळी ब्रिटिश बनावटीची ऑस्टर विमाने होती. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने, म्हणजे एचएएलने बनवलेले कृषक विमान आले. ऑस्टर आणि कृषक ही दोन्ही एकाच इंजिनाची, पंखांची छोटी विमाने. १९७१ च्या युद्धातही एअर ओपीने तोफखान्यासाठी हे काम केले. त्यानंतर विमानांची जागा चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांनी घेतली. १९८६ पर्यंत ही सारी यंत्रणा तोफखान्याचाच भाग होती. स्वतंत्र कोअर झाल्यावर वर्षभरातच भारतीय शांतिसेनेच्या श्रीलंकेतील ऑपरेशन पवनमध्ये आणि पुढे १९९९ च्या कारगिल युद्धात तिने टेहळणी आणि जखमींना हलवण्याची जबाबदारी पार पाडली.

४. आर्मी एव्हिएशन ही लष्कराची एक ‘कमांड’ आहे का? तिची रचना कशी आहे?

काही देशांच्या लष्करांत स्वतंत्र एव्हिएशन कमांड असते, म्हणून हा प्रश्न पडतो. भारतात मात्र तशी वेगळी कमांड नाही. दिल्लीतील लष्कर मुख्यालयात आर्मी एव्हिएशनचे महासंचालक असतात आणि त्यांचा हुद्दा लेफ्टनंट जनरलचा असतो. धोरण, मनुष्यबळ, नवी हेलिकॉप्टरे, प्रशिक्षण आणि उड्डाणसुरक्षा हे विषय त्यांच्या अखत्यारीत येतात. प्रत्यक्ष मोहिमेत हेलिकॉप्टर कुठे आणि कशासाठी जाईल, हे मात्र उत्तर, पश्चिम, पूर्व अशा प्रादेशिक कमांड आणि त्यांखालच्या कोअर (येथे कोअर म्हणजे शाखा नव्हे, तर अनेक डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज) ठरवतात. थोडक्यात, हेलिकॉप्टर आणि वैमानिक तयार ठेवणे ही मुख्यालयाची जबाबदारी आणि ते वापरणे ही आघाडीची.

उड्डाणाचे मूळ एकक स्क्वाड्रन. स्क्वाड्रनखाली फ्लाइट असतात आणि काही फ्लाइट स्वतंत्रपणे एखाद्या डिव्हिजनच्या किंवा कोअरच्या परिसरात तैनात असतात. टेहळणी व निरीक्षणाची, वाहतुकीची, सशस्त्र आणि हल्ल्याची अशी स्क्वाड्रन कामानुसार वेगवेगळी असतात. २०२१ पासून लष्कराने एव्हिएशन ब्रिगेड उभ्या करायला सुरुवात केली आणि लेह, आसाममधील मिसामारी व जोधपूर येथे त्या आल्या. वेगवेगळ्या प्रकारची स्क्वाड्रन एका ब्रिगेडियरच्या हाताखाली आल्यामुळे एखाद्या मोठ्या क्षेत्रातली सारी हेलिकॉप्टरे एकत्र, एका आराखड्यानुसार वापरणे शक्य झाले. माझ्या मते, १९८६ नंतरचा या शाखेतला सर्वांत महत्त्वाचा संघटनात्मक बदल हाच आहे, जरी वर्तमानपत्रांत त्याला नव्या हेलिकॉप्टरांच्या मानाने फारच कमी जागा मिळाली.

५. लष्कराकडे सध्या कोणकोणती हेलिकॉप्टरे आहेत?

चेतक आणि चीता ही हलकी, जुन्या पिढीची हेलिकॉप्टरे टेहळणी, हलका पुरवठा आणि रुग्णवाहतूक यांसाठी आहेत. चीताचेच नवे, अधिक ताकदीचे इंजिन बसवलेले रूप म्हणजे चीतल, आणि रॉकेट व मशीनगन लावलेले रूप म्हणजे लान्सर. त्यांहून मोठे एचएएलचे ध्रुव आहे आणि त्याचे सशस्त्र रूप रुद्र (प्रश्न ६). केवळ हल्ल्यासाठी बनवलेली दोन हेलिकॉप्टरे म्हणजे देशी बनावटीचे प्रचंड आणि अमेरिकेच्या बोइंग कंपनीचे अपाची (प्रश्न ७). वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांबद्दल प्रश्न ११ पाहावा.

६. ध्रुव आणि रुद्र दिसायला सारखेच आहेत. मग फरक काय?

सांगाडा एकच आहे. ध्रुवचे पहिले उड्डाण २० ऑगस्ट १९९२ रोजी झाले. माणसे, सामान, स्ट्रेचर अशा कुठल्याही कामाला ते चालते. रुद्रच्या नाकाखाली २० मिलिमीटरची फिरती तोफ आहे, दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांवर ७० मिलिमीटरची रॉकेट आणि हवेतून हवेत मारा करणारी मिस्ट्राल क्षेपणास्त्रे लावता येतात आणि रात्री पाहणारी यंत्रणा नाकावरच बसवलेली आहे. दोघांतही शक्ती हे इंजिन आहे, जे एचएएल आणि फ्रान्सच्या कंपनीने मिळून विकसित केले. दुरून ओळखायचे असेल, तर नाकाखाली तोफ आहे का ते पाहावे.

७. प्रचंड आणि अपाची ही दोन्ही हल्ल्याची हेलिकॉप्टरे आहेत. दोन्ही कशाला घेतली?

कारण भूभाग वेगळा आहे. प्रचंडची कल्पना कारगिल युद्धातून पुढे आली. त्या वेळी हवाई दलाकडे असलेली एमआय-३५ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरे इतक्या उंचीवर परिणामकारकपणे लढू शकत नव्हती, म्हणून एमआय-१७ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना रॉकेट लावून वापरावे लागले, आणि २८ मे १९९९ रोजी त्यांपैकी एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले. उंच डोंगरात चपळपणे वळणारे, शस्त्रे घेऊन वर चढणारे हलके हेलिकॉप्टर हवे, ही गरज तिथे अधोरेखित झाली. प्रचंडचे कमाल वजन सुमारे ५.८ टन असून दोन वैमानिक एकामागे एक बसतात. चाचण्यांदरम्यान ते शस्त्रांचा भार घेऊन सियाचिन परिसरातील पुढच्या तळांवर उतरले होते. लष्कराचे पहिले प्रचंड स्क्वाड्रन जून २०२२ मध्ये बेंगळुरू येथे उभे राहिले आणि नंतर मिसामारीला गेले. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला. त्यांपैकी ९० लष्करासाठी आणि ६६ हवाई दलासाठी आहेत.

अपाची त्याहून जड आहे. त्यावर ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडे फोडणारी हेलफायर क्षेपणास्त्रे असतात. सपाट वाळवंटात, रणगाड्यांच्या चढाईबरोबर पुढे जाण्यासाठी ते उत्तम. लष्कराने २०२० मध्ये सहा अपाचींचा करार केला. त्यांच्यासाठीचे स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये जोधपूर येथे उभे राहिले, पण हेलिकॉप्टरे येण्यास उशीर झाला आणि पहिली तीन २२ जुलै २०२५ रोजी भारतात पोहोचली. वैमानिक आणि तंत्रज्ञ तयार असताना स्क्वाड्रनला वर्षाहून अधिक काळ हेलिकॉप्टरांविना थांबावे लागले, ही गोष्ट मनाला लागण्यासारखीच आहे.

८. हवाई दलाकडेही अपाची आहेत. मग ‘लष्कराची’ अपाची वेगळी कशी?

हेलिकॉप्टर तेच, एएच-६४ई. हवाई दलाने २२ अपाची घेतली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोट येथे ती दाखल झाली. लष्कराची सहा त्यांखेरीज आहेत. एक जुनी गुंतागुंत येथे सांगायला हवी. हल्ल्याची हेलिकॉप्टरे पूर्वी फक्त हवाई दलाकडे होती. एमआय-२५ आणि एमआय-३५ हवाई दलाचे वैमानिक चालवत, पण त्यांचे मोहिमेतले नियंत्रण लष्कराकडे असे. ही विभागणी दोन्ही दलांत दीर्घकाळ वादाचा विषय होती. लष्कराला स्वतःची हल्ल्याची हेलिकॉप्टरे मिळाली, ती या वादानंतर.

९. सियाचिनवर अजूनही चीताच का वापरतात?

कारण त्या उंचीवर काम करण्यासाठीच त्याची घडण झाली आहे. चीता म्हणजे फ्रेंच लामा हेलिकॉप्टर, जे एचएएल परवान्यावर बनवते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय सेनादलांना हिमालयातील उंचीवर चालणारे हेलिकॉप्टर हवे होते. त्या मागणीवरून फ्रेंच अभियंत्यांनी एका लहान, हलक्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर मोठ्या हेलिकॉप्टरचे इंजिन आणि पाती बसवली. वजन कमी आणि ताकद भरपूर, हे त्याचे रहस्य. जून १९७२ मध्ये फ्रेंच चाचणी वैमानिक झाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन जागतिक विक्रम केला.

तरीही सियाचिनच्या वरच्या चौक्या या हेलिकॉप्टरच्या क्षमतेच्या अगदी काठावर आहेत. २०,००० फुटांच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी उरते. पात्यांना उचलायला हवाच कमी मिळते आणि इंजिनालाही. म्हणून इंधन मोजून भरले जाते, कारण जास्तीचे प्रत्येक लिटर म्हणजे चौकीवर न पोहोचलेले तेवढेच सामान. सर्वांत वरच्या चौक्यांसाठी एका फेरीत अनेकदा एखाद-दुसरा रॉकेलचा जेरीकॅन आणि टपालाची पिशवी एवढेच जाते. हेलिकॉप्टरे जोडीने उडतात, म्हणजे एकाला काही झाले तर दुसरे वरून पाहत असते. बर्फ दाबून केलेल्या इवल्याशा हेलिपॅडवर उतरल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पाती फिरत असतानाच जवान वाकून धावत येतात, सामान ओढून घेतात, आणि फुप्फुसांत पाणी झालेला एखादा सोबती असेल तर त्याला आत बसवतात. काही क्षणांतच हेलिकॉप्टर पुन्हा दरीत झेपावते. उन्हे चढली की हवा आणखी विरळ होते आणि वारा सुटतो, म्हणून बहुतेक काम सकाळीच उरकले जाते.

सियाचिन ताब्यात घेण्यासाठी १३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झालेल्या ऑपरेशन मेघदूतपासून हे अखंड चालू आहे. लष्कराचे ६६६ वे स्क्वाड्रन ‘सियाचिन फाल्कन्स’ या नावाने ओळखले जाते. हवाई दलाचे ११४ वे हेलिकॉप्टर युनिटही याच हिमनदीवर काम करते, त्यामुळे तिथले प्रत्येक चीता लष्कराचेच असते असे नाही.

१०. चीता आणि चेतक इतकी जुनी आहेत, तर बदलत का नाहीत?

बदलायला हवीत, आणि फार पूर्वीच हवी होती. चेतकचा परवाना करार १९६२ चा, चीताचा १९७० चा. यांत अलीकडच्या हेलिकॉप्टरांत असणारी इशारा देणारी यंत्रणा, स्वयंचलित वैमानिक किंवा आधुनिक दिशादर्शक साधने मुळात नव्हती. ढगात किंवा धुक्यात सापडल्यावर सारी भिस्त वैमानिकाच्या कौशल्यावर. अपघातांत अनेक तरुण अधिकारी गेले आहेत. लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटून ही हेलिकॉप्टरे सेवेतून काढावीत, अशी मागणी केली होती.

रशियाबरोबर केए-२२६टी हेलिकॉप्टरे भारतात बनवण्याचे २०१५ मध्ये ठरले, पण ते पुढे सरकले नाही. एचएएलच्या लाइट युटिलिटी हेलिकॉप्टरने ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिले उड्डाण केले आणि कर्नाटकातील तुमकुरू येथे त्यासाठीचा कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला. प्रत्येक पर्यायाची चाचणी, किंमत आणि निर्णय यांत वर्षे गेली आणि तोवर वैमानिकांना जुन्यावरच उडावे लागले. या विलंबाचे समर्थन करता येत नाही.

११. लष्कराचे ड्रोन आर्मी एव्हिएशनकडेच असतात का?

सगळे नाही. हेरॉनसारखी मोठी, तासन्‌तास घिरट्या घालणारी मानवरहित विमाने पूर्वी तोफखान्याकडे होती. २०२१ मध्ये ती आर्मी एव्हिएशनकडे आली. हेलिकॉप्टर आणि ड्रोन एकाच आकाशात, एकाच नियंत्रणाखाली उडावेत हा त्यामागचा विचार. जून २०२४ मध्ये लष्कराला दृष्टी-१० हे मानवरहित विमान मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी झालेल्या ३१ एमक्यू-९बी विमानांच्या करारात आठ लष्करासाठी आहेत. पायदळाच्या तुकड्या वापरतात ते छोटे ड्रोन त्या त्या तुकडीचेच असतात.

१२. नाशिकमध्ये नेमके काय आहे? ओझरलाही विमाने दिसतात, ती लष्कराचीच का?

ओझर येथे एचएएलचा कारखाना आहे. तिथे मिग आणि सुखोई-३० सारखी लढाऊ विमाने बनली, आणि नाशिकची प्रवासी विमानसेवाही ओझरहूनच चालते. लष्कराची हेलिकॉप्टरे तिथे बनत नाहीत; ती एचएएल कर्नाटकात बनवते.

लष्कराचे केंद्र आहे ते नाशिकरोडजवळच्या गांधीनगर धावपट्टीवर. तिथे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, म्हणजे कॅट्स, आहे. जवळच देवळालीत तोफखान्याची प्रशिक्षण संस्था असणे हा योगायोग नाही. प्रश्न ३ मधला एअर ओपीचा वारसा या परिसरात आजही जवळून जाणवतो. १० ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी आर्मी एव्हिएशनला राष्ट्रपती निशाण प्रदान केले, ते याच गांधीनगर धावपट्टीवर.

१३. आर्मी एव्हिएशनचा वैमानिक होण्यासाठी काय करावे लागते? थेट भरती होते का?

‘हेलिकॉप्टर पायलट’ म्हणून बारावीनंतर थेट अर्ज करता येत नाही. आधी एनडीए (बारावीनंतरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), सीडीएस (पदवीधरांसाठीची सेनादल प्रवेश परीक्षा) किंवा अन्य मार्गाने लष्करात अधिकारी व्हावे लागते. त्यानंतर वैमानिकाची अभिक्षमता चाचणी आणि उड्डाणासाठीची कडक वैद्यकीय तपासणी असते. ती पार केलेले अधिकारी गांधीनगरला प्राथमिक आणि नंतर लढाऊ उड्डाणाचे प्रशिक्षण घेतात आणि शेवटी त्यांच्या छातीवर ‘विंग्ज’ लागतात. दृष्टीची तपासणी कडक असते, म्हणून लढाऊ वैमानिक व्हायचेच अशी जिद्द असलेल्यांनी डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्यावी, हा आग्रहाचा सल्ला. जेट लढाऊ विमाने चालवायची असतील, तर मात्र हवाई दल किंवा नौदल हाच मार्ग आहे.

१४. मुलींना ही शाखा खुली आहे का?

होय. जमिनीवरच्या कामांत, हवाई वाहतूक नियंत्रणात, महिला अधिकारी आधीपासून होत्या. २०२१ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांची वैमानिक प्रशिक्षणासाठी निवड झाली, आणि २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक नाशिक येथून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. निवडीची पद्धत वेगळी नाही. प्रश्न १३ मधलीच आहे.

१५. २०२५ च्या सुरुवातीला ध्रुव उडणे बंद झाले होते. आता ते सुरक्षित आहे का?

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले. त्यानंतर सर्व दलांची ध्रुव हेलिकॉप्टरे उतरवण्यात आली. पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेट या भागातील बिघाडाकडे तपासाचा रोख होता. तपासणीनंतर मे २०२५ च्या सुरुवातीला लष्कर आणि हवाई दल यांच्या ध्रुवांना उड्डाणाची परवानगी मिळाली. सुमारे चार महिने डोंगरातील पुरवठ्याचा भार चीता आणि चेतकवर पडला, आणि प्रश्न १० मध्ये मांडलेला मुद्दा या काळात अधिकच ठळक झाला.

१६. चिनूक, एमआय-१७ किंवा ‘सारंग’ हवाई कसरती करणारी हेलिकॉप्टरे लष्कराची आहेत का? जनरल बिपिन रावत ज्या हेलिकॉप्टरमध्ये होते, ते?

ही सर्व हवाई दलाची. सारंग चमू ध्रुवच उडवतो, पण तो हवाई दलाचा आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ कोसळलेले एमआय-१७व्ही५ हेही हवाई दलाचेच होते. अवजड वाहतूक हवाई दलाकडे आणि हलकी, जवळची वाहतूक लष्कराकडे, अशी ढोबळ विभागणी लक्षात ठेवली तर सहसा चूक होत नाही.

१७. पूर किंवा दरड कोसळल्यावर गावाला लष्कराचे हेलिकॉप्टर मागवता येते का?

गावाने किंवा व्यक्तीने थेट मागवता येत नाही. मागणी जिल्हा प्रशासनाकडून राज्य शासनामार्फत लष्कराकडे जाते, म्हणून नागरिकांनी तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवावे. कळवताना गावाचे नाव, अडकलेल्यांची संख्या, आजारी किंवा गरोदर व्यक्ती आहेत का आणि जवळ मोकळे, तारांपासून दूर असलेले मैदान कुठे आहे, हे सांगितल्यास वैमानिकाचे काम सोपे होते. जून २०१३ मध्ये उत्तराखंडातील महाप्रलयात लष्कराने ऑपरेशन सूर्या होप राबवले, त्यात आर्मी एव्हिएशनच्या हेलिकॉप्टरांनी अरुंद दऱ्यांतून अडकलेल्या यात्रेकरूंना बाहेर काढले. हेलिकॉप्टर उतरत असताना पात्यांच्या वाऱ्याने पत्रे, ताडपत्र्या आणि कपडे उडतात, त्यामुळे त्या आधीच हलवाव्यात आणि बोलावल्याशिवाय कोणीही हेलिकॉप्टरच्या जवळ, विशेषतः शेपटीच्या बाजूला, जाऊ नये.